एमजीबीचा गळका हीटर कॉक: हेड न उतरवता दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ग्वाल्हेरात लष्कर भागात. उन्हाळा-पावसाळाभर हीटर बंदच होता. डिसेंबरात थंडी पडल्यावर डॅशवरचा नॉब फिरवला, हीटर जेमतेम कोमट झाला आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या मागच्या अंगाला हिरवट पाणी ओघळलेलं दिसलं. एक मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवा. दुसरा म्हणतो हीटरच काढून टाका, आपल्याकडे त्याचं काय काम? आता करायचं काय?

हेड उतरवू नका आणि हीटरही काढू नका. महिनोन्‌महिने बंद, मग एकदम उघडला आणि लगेच गळती, हा क्रम पाहिला की पहिला संशय हीटर कॉकवर, म्हणजे हीटरकडे जाणारं गरम पाणी उघड-बंद करणाऱ्या झडपेवर घ्यायचा. हा कॉक वापरून खराब होत नाही, न वापरता पडून राहिल्यानं होतो. आत एक रबरी पडदा असतो. कॉक बंद असताना तो सीटवर, म्हणजे पाण्याच्या भोकाच्या गोल ओठावर, दाबलेला राहतो. ग्वाल्हेरात मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हीटरला कोणी हात लावत नाही. तेवढ्या काळात बाहेर ४५ अंशांचं ऊन आणि आत उकळीच्या जवळचं पाणी यांच्यामध्ये रबर कडक होतं, सीटला चिकटतं, भोवती क्षार जमतात. डिसेंबरात नॉब फिरवला की केबल लिव्हर ओढते, पण चिकटलेला पडदा जागचा हलत नाही, कडेनं फाटतो. पाणी लिव्हरच्या खाचेतून बाहेर येतं.

हीटर काढण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. जानेवारीत इथे पहाटे पारा पाच अंशांच्या खाली जातो, धुकं पडतं, आणि कापडी छताच्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला हीटरखेरीज काही नाही. शिवाय या गाडीला हीटर तेव्हा जादा पैसे मोजून घ्यावा लागे. जो मूळचा आहे तो राखायलाच हवा.

कॉक कुठे असतो ते आधी पाहा. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात तो सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला, दोन स्टडवर बसवलेला असतो. मध्ये एक पॅकिंग. हेडमधलं गरम पाणी कॉकमधून अर्धा इंची होज पाइपनं हीटरच्या जाळीत (त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये) जातं आणि परतीच्या नळीनं रेडिएटरच्या खालच्या होजला येऊन मिळतं. म्हणजे कॉक जाणाऱ्या वाटेवर आहे, आणि बंद असला तरी हेडच्या बाजूचा दाब त्याच्यावर सतत असतो. डिस्ट्रिब्युटरही इंजिनाच्या याच बाजूला आहे. त्यामुळे गळती वाढली की गाडी मिसिंग करायला लागते आणि लोक प्लग-पॉइंट बदलत बसतात.

आता खरोखर कॉकच गळतोय का, याची खात्री करा. इथे घाई केली की नको ती वस्तू बदलली जाते, कारण हेडच्या मागून निघालेलं पाणी ब्लॉकवरून ओघळत गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवरून खाली थेंबतं आणि खालून पाहणाऱ्याला ते कोअर प्लगचं (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या बुचाचं) किंवा हेड गॅस्केटचं वाटतं. इंजिन पूर्ण थंड असताना तो सगळा भाग ब्रशनं आणि पाण्यानं धुवा, फडक्यानं कोरडा करा, आणि कॉकवर, त्याच्या खाली, हेडच्या जोडावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, मग बंद करा. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं पाण्याचा दाब आणखी चढतो, गळती तेव्हाच दिसते. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू झाली तीच जागा. रेघ लिव्हरच्या मुळाशी किंवा वरच्या टोपीच्या कडेला सुरू होत असेल तर पडदा गेलाय. फ्लँजच्या (कॉकच्या हेडवर बसणाऱ्या सपाट कडेच्या) खालून येत असेल तर फक्त पॅकिंग. होजच्या टोकाशी असेल तर क्लिप किंवा होज. कॉकच्या अंगावरच, कुठल्याही जोडापासून लांब, पांढऱ्या भुकटीचा ठिपका असेल आणि तिथून पाझर असेल तर बॉडी कुजली आहे, ती दुरुस्त होत नाही. गळती बाहेर कुठेच नाही पण पायाखालचा गालिचा ओला आणि समोरच्या काचेवर तेलकट वाफ, असं असेल तर ती हीटरच्या जाळीची गळती, तिचं काम वेगळं.

पाणी सगळं काढायची गरज नाही. हीटरसकट या गाडीत साधारण ५.७ लिटर पाणी मावतं. कॉक वरच्या पातळीवर आहे, म्हणून रेडिएटरच्या तळाच्या कॉकमधून दोन-अडीच लिटर काढलं की पुरतं. इंजिन थंड असल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट लगेच झाकणाच्या डब्यात भरा. ते गोडसर असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री, गाई तोंड लावतात, आणि ते त्यांच्या जिवावर बेततं.

आधी केबल सोडा. लिव्हरवरच्या छोट्या स्क्रूखाली तार नेमकी कुठे पकडली होती, तिथे तारेवर रंगाचा ठिपका द्या. मग होज. जुना होज पिळून, हिसका देऊन काढायचा नाही, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. होज कॉकच्या तोटीला चिकटलेला असतो, पिळला की तोटी तडकते, आणि पलीकडे हीटरच्या जाळीची सोल्डर केलेली नळी उखडते. मग शंभर-दोनशेच्या कामाचं हजारांचं होतं. ब्लेडनं होज लांबीत चिरा आणि सालपट काढतात तसा सोलून काढा. नवा होज लागणारच आहे. होज निघाला की हीटरच्या जाळीत अडकलेलं पाणी बाहेर येईल, खाली भांडं धरा.

नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक, आहेत. स्टड १/४ इंची असेल तर ७/१६ चा एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या इंची मापाचा) पाना लागतो, ५/१६ चा असेल तर १/२ चा. गॅरेजात ११ आणि १३ नंबरचे मेट्रिक पाने असतात. ११ चा ७/१६ च्या नटावर चढतच नाही, आणि १३ चा १/२ च्या नटावर सैल बसून कोपरे गोल करतो. एएफ पाना मागून घ्या. नटाऐवजी अख्खा स्टडच फिरून बाहेर आला तर घाबरू नका, तो नीट साफ करून परत लावता येतो. मात्र स्टडचं भोक आत वॉटर जॅकेटमध्ये उघडत असेल तर आट्यांना न सुकणारा सीलंट लावूनच बसवा, नाहीतर गळती स्टडच्या आट्यांतून सुरू होईल आणि तुम्ही कॉकला दोष देत बसाल. स्टड मोडायच्या बेतात वाटला तर जोर लावू नका. नट गरम करा, थंड होऊ द्या, परत तेल, परत प्रयत्न. कास्ट आयर्नच्या हेडमध्ये मोडलेला स्टड काढणं हे कॉकपेक्षा मोठं काम आहे.

कॉक हातात आल्यावर फ्लँज, लिव्हर आणि टोपी यांचा फोटो काढा, मगच उघडा. या प्रकारात बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि वरची टोपी पत्र्याची, तिचे कान बॉडीवर दुमडलेले असतात. पातळ स्क्रू ड्रायव्हरनं एकेक कान थोडा थोडा, आळीपाळीनं वर करा. एकदम सरळ केला तर वाकवलेल्या रेषेवर तुटतो. हे कान एकदा उघडून परत दुमडणं सोसतात, दुसऱ्यांदा बहुधा नाही. म्हणून नवा पडदा तयार करून समोर ठेवायचा, तेव्हाच टोपी बंद करायची. ‘नुसतं बघू या’ म्हणून उघड-बंद करू नका.

आत पडदा दिसेल. फाटका असेल, किंवा मधल्या दांड्याभोवती तडकलेला, किंवा पापडासारखा कडक. काहीही झालेलं असो, तो नमुना आहे, फेकू नका. बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि न दबलेल्या जागेची जाडी व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवा.

नवा पडदा कशाचा करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ईपीडीएम रबराचा, आत कापडाचा थर असलेला, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा मागा. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलेल्या गरम पाण्यात ईपीडीएम उत्तम टिकतं. नायट्राइल रबर सहज मिळतं, तेलाला चांगलं असतं, पण सतत गरम पाण्यात लवकर कडक होतं. दुकानदार ‘हे पण चालतं’ म्हणून तेच देतो, म्हणून नाव घेऊन मागायचं. गाडीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावायची पद्धत आहे. त्यात कापड नसतं, दाबाखाली तो फुगतो, लिव्हरच्या खाचेत जाऊन घासतो आणि फाटतो. कापडाचा ईपीडीएम पत्रा साध्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात नाही मिळणार. ऑइल सील आणि हायड्रॉलिक होज विकणाऱ्यांकडे, मालनपूर-बानमोरच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत चौकशी करा. वीतभर तुकड्यात तीन-चार पडदे निघतात. दोन करून ठेवा.

बाहेरचा गोल कात्रीनं नाही कापायचा. टोपीच्या आतल्या व्यासाचा लोखंडी पाइपचा तुकडा लेथवाल्याकडून धार लावून घ्या, लाकडाच्या ठोकळ्यावर रबर ठेवून एका हातोड्यात कापा. कड गुळगुळीत हवी. कात्रीचा एक छोटा दाताही तिथून फाटायला पुरतो. मधलं भोक दांड्यापेक्षा मिलिमीटरभर लहान ठेवायचं: दांडा ५ चा असेल तर भोक ४ चं. रबर ताणून बसलं की तिथून पाझर राहत नाही. आणि ईपीडीएमला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. लिव्हरच्या पिनलाही तेच.

टोपी लावण्याआधी सीट पाहा. सीटच्या गोल ओठावर क्षाराचे खडे असतील तर लाकडी काडीनं खरवडा, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा आणि पाण्यानं धुवा. अख्खी बॉडी ॲसिडच्या भांड्यात टाकू नका, जस्त विरघळतं. ओठावर बारीक खड्डे असतील तर ६०० नंबरचा वॉटर पेपर सपाट टोकाच्या लाकडी दांड्याला चिकटवून हलक्या हातानं फिरवा. खोल खड्डा असेल तर कॉक पूर्ण बंद होणार नाही, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पायाशी येणारी ती गरम हवा गळतीहून जास्त छळते. फ्लँजचा सपाटपणा जाड काचेवर ठेवून फीलर गेजनं तपासा. काठाशी ०.१ मिलिमीटरची पाती आत जात असेल तर काचेवर वॉटर पेपर पसरून, पाणी टाकून, आठाच्या आकड्यात घासत सपाट करा. स्टडची भोकं जिथे आहेत ते कान बहुधा मागे वाकलेले असतात, कारण आधी कोणीतरी नट वाजवीपेक्षा जास्त आवळलेले असतात.

बॉडी का कुजते, तेही सांगतो. लोखंडी हेड, तांब्या-पितळेची हीटरची जाळी आणि मध्ये जस्ताची बॉडी. पाण्यात क्षार असले आणि गंजरोधक नसलं की या तिघांत जस्त आधी झिजतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत कॉकच्या तोटीची भिंत कागदाएवढी उरलेली असते. तोटी अंगठ्यानं दाबून पाहा. दबली, किंवा सुई टोचून आत गेली, तर पडदा बदलण्यात अर्थ नाही. जस्ताच्या ओतिवावर झाळ धरत नाही, तापवलं की ते एकदम वितळून बसतं. एम-सील बाहेरून लावून घरी पोचता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

मॉरिस मायनर, जुन्या ऑस्टिन यांच्यावर कधी कधी पूर्ण पितळी, आट्यांच्या दांड्याचा कॉक असतो. त्यात पडदा नसतो, दांड्याभोवती ग्लँडमध्ये दोऱ्याचं पॅकिंग असतं. पाझर आला तर ग्लँड नट अष्टमांश फेरा आवळून पाहा. थांबला नाही तर जुना दोरा उकरून ग्रॅफाइटचा दोरा तीन-चार वेढे घालून बसवा. ते काम तासाभराचं, आणि कॉक पुढे कितीतरी वर्षं टिकतो.

टोपीचे कान दुमडताना चारही बाजूंनी थोडं थोडं दाबा. टोपी आणि बॉडी मऊ जबड्याच्या वाइसमध्ये हलकी दाबून धरली की कान नीट बसतात. मग गाडीवर चढवण्याआधी बाहेरच तपासा. फ्लँजवर रबर आणि भोक पाडलेली पट्टी बोल्टनं आवळा, पट्टीला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावा. लिव्हर बंद ठेवून पंपानं ७ पौंडांचा दाब भरा आणि कॉक गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. १९६५ च्या गाडीचं रेडिएटरचं झाकण ७ पौंडांचंच असतं, त्याहून फार वर जायचं कारण नाही. तोटीतून बुडबुडे आले तर सीट धरत नाही, लिव्हरच्या मुळातून आले तर पडदा. लिव्हर उघडा, तोटी रबरी बूच लावून बंद करा, परत पाहा. पाणी गरमच हवं. थंड पाण्यात पास झालेला कॉक इंजिनावर गळू शकतो.

फ्लँजचं पॅकिंग कॉर्कचं किंवा पाऊण-एक मिलिमीटर जाड पॅकिंग पेपरचं. हेडवरचा पृष्ठभाग बोथट पात्यानं खरवडून धातू दिसेपर्यंत साफ करा, आणि त्या वेळी भोकात चिंधी कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी न सुकणाऱ्या सीलंटचा, उदाहरणार्थ हायलोमारचा, पातळ हात. सिलिकॉनचा जाड थर मात्र नको. अनाबॉन्डसारखं सिलिकॉन मिस्त्री लोक सर्रास वापरतात आणि योग्य जागी ते चांगलंच आहे, पण इथे दाबल्यावर आत सरकलेली त्याची दोरी तुटून सरळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा द्या. १/४ इंची स्टडला ७-८ न्यूटन-मीटर पुरे. छोटा पाना, मनगटाचा जोर. कॉर्क कडेनं फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं.

होज अर्धा इंच आतल्या व्यासाचा, ईपीडीएमचा, हीटर होज म्हणूनच मागा. पेट्रोलचा पाइप नको, बागेतला तर मुळीच नको. क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही.

केबलकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि नवा पडदा तिच्यामुळेच लवकर जातो. केबल जड चालत असेल तर लिव्हरवर तिरका ताण येतो, पिन एका अंगानं घासते आणि पडदाही एकाच बाजूला ओढला जातो. तार लिव्हरपासून सोडून नॉब फिरवून पाहा. दोन बोटांनी अलगद फिरला पाहिजे. नाही फिरला तर बाहेरच्या आवरणात वरून पातळ तेल सोडा, कुठे कोन पडलाय का बघा, गंजली असेल तर बदला. बसवताना नॉब बंदच्या खुणेपासून २-३ मिलिमीटर अलीकडे ठेवा, लिव्हर हातानं पूर्ण बंद करा, आणि त्या स्थितीत स्क्रू आवळा. म्हणजे नॉब शेवटाला पोचेपर्यंत कॉक नक्की बंद होतो.

बॉडीच गेली असेल तर नवा कॉक मागवा. या गाडीचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. पण नवे नक्कल-भाग सगळे सारखे नसतात, काहींचा पडदा पातळ आणि टोपी सैल असते, तेव्हा नवा आला तरी बादलीतली चाचणी करूनच चढवा. येईपर्यंत गाडी चालवायची असेल तर तीन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोन भोकं पाडून, पॅकिंग देऊन, हेडवरचं भोक बंद करा. आणि परतीच्या नळीचं हीटरकडचं तोंडही बंद करा, कारण पाणी तिथूनही उलटं येतं. हे विसरलं की गाडी गेटबाहेर पडायच्या आत सगळं पाणी रस्त्यावर. कायमचा पर्याय म्हणून खरादीकडून आठ-दहा मिलिमीटर जाड पितळेची फ्लँज अर्धा इंची तोटीसकट करून घ्यायची आणि होजच्या मध्ये छोटा पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकायचा. तो डॅशवरून चालत नाही, बॉनेट उघडून हातानं फिरवावा लागतो, पण विश्वासाचा आहे. मूळ कॉक जपून ठेवा.

पाणी भरताना नळाचं किंवा बोअरचं नको. बॅटरीत घालतात ते डीएम वॉटर घ्या. ग्वाल्हेरात पाणी गोठण्याची भीती नाही, कूलंट हवंय ते गंज रोखायला आणि उत्कलनबिंदू वर न्यायला, म्हणून एक-तृतीयांश पुरे: सगळी सिस्टीम धुऊन भरत असाल तर १.९ लिटर कॉन्संट्रेट आणि ३.८ लिटर पाणी. सोल्डरच्या तांबे-पितळी रेडिएटरला जुन्या पद्धतीचं इनऑर्गॅनिक, हिरवं कूलंट घ्या आणि दोन वर्षांनी बदला. तयार मिश्रणाच्या कॅनमध्ये वरून पाणी घालू नका.

भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. हीटरमध्ये हवा अडकते, म्हणून परतीचा होज सोडून त्याचं तोंड वर धरा, रेडिएटरमध्ये हळूहळू ओता, होजमधून बुडबुड्यांशिवाय सलग पाणी आलं की जोडा. इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर तो उघडेपर्यंत थांबा आणि परतीच्या नळीला हात लावा. ती जाणाऱ्या होजइतकीच जवळजवळ गरम लागली तर हीटरमधून पाणी फिरतंय. जाणारा होज चटका देतोय आणि परतीचा कोमट असेल तर हवा राहिलीय किंवा जाळीत गाळ आहे.

दोन वेळा गरम-थंड झाल्यावर, थंड इंजिनावर, नट आणि क्लिप पुन्हा पाव फेरा तपासा. कॉर्क बसतं, तेवढी ढील येतेच. पहिल्या आठवड्यात लिव्हरच्या मुळाशी एखादा थेंब दिसला तर लगेच उघडू नका. नॉब पाच-सहा वेळा पूर्ण उघड-बंद करा, नवा पडदा सीटवर बसायला तेवढं लागतं. त्यानंतरही पावडरवर रेघ उमटली तर मधलं भोक सैल झालंय. मग दुसरा पडदा ३.५ च्या भोकाचा कापून वापरा. आणि उन्हाळ्यात, हीटर नको असला तरी, महिन्यातून एकदा इंजिन गरम असताना नॉब शेवटापर्यंत फिरवून परत बंद करत जा.